फायलींचा जानोसा

आमच्या घरात बोलणं सरळ कधी जातच नसे, ते माझ्यावरून जायचं. वरणात मीठ कमी वाटलं की भाऊ मला म्हणे, "शालू, मीठ कमी हाये, सांग तिले." आणि 'ती', म्हणजे वहिनी, दोन पावलांवर सैपाकघराच्या दाराआड उभी असायची. तिला ते माझ्याआधी ऐकू आलेलं असायचं. तरी मी उठायचं, दारापाशी जायचं आणि म्हणायचं, "वहिनी, मीठ कमी हाये म्हनते भाऊ." मग ती मिठाची वाटी माझ्या हातात द्यायची, मी ती भाऊच्या ताटापुढे ठेवायची आणि माझी भाकर तोवर गार झालेली असायची. भाऊ माझा थोरला भाऊ. वहिनी मात्र त्याची बायको नव्हे, मधल्या विनूदादाची. म्हणजे भाऊ तिचा भासरा लागायचा, आणि आमच्या फुलसावंगीत भासरा म्हणजे काय विचारू नका! तो बसतो त्या खुर्चीवर लहान भावाच्या बायकोनं बसायचं नाही, तो खोलीत आला की पदर ओढून उभं राहायचं, आणि बोलायचं तर मुळीच नाही. भाऊलाही जाच होताच. घरात शिरताना त्याला अंगणातूनच खाकरावं लागे. तो बिचारा इतका खाकरायचा, की शेजारच्या काकूंनी आईला एकदा अडुळशाचा पाला आणून दिला होता. आजच्या पोरींना हे सांगितलं की त्या हसतात. हसू द्या, मीही हसते. पण तेव्हा आम्हाला ते जेवणाआधी हात धुण्याइतकं साधं वाटायचं.

थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न झालं, त्यावरून गावानं आम्हाला थोडं का बोलून घेतलं! पण तो भाऊचा हट्ट होता. "धंद्याले पाय फुटेस्तोवर माह्यं लगन काढू नका," असं त्यानं आईला निक्षून सांगितलं होतं. धंदा म्हणजे लग्नपत्रिकांचा. रस्त्याकडच्या खोलीत त्यानं एक कॉम्प्युटर मांडला होता. तो कसा घेतला ते जाऊ द्या, नव्हता तेव्हा घरात शांतता होती एवढं खरं. तो पत्रिका टाइप करायचा, गणपती, कलश, तोरण जागच्या जागी बसवायचा आणि मग एसटीनं पुसदला छापखान्यात घेऊन जायचा. शाळेच्या प्रश्नपत्रिकाही यायच्या, कधी वाढदिवसाचा फलक यायचा. खोलीला लागून पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की आमच्या दिव्याचा उजेड बसायचा आणि कॉम्प्युटरखालची बॅटरीची पेटी पीं पीं करून कोकलायची. आई आतून ओरडायची, "अरे, त्या पोराले कोनी घ्या रे!" त्या पेटीला ती पोरगंच म्हणायची.

ते दिवस आठवले की पहिला येतो तो तुरीच्या ओल्या सोल्यांचा वास. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं, की एकीकडे पत्रिकावाल्यांची रीघ सुरू व्हायची आणि दुसरीकडे शेतातून तुरीच्या शेंगा यायच्या. आई, वहिनी आणि मी दुपारभर शेंगा सोलत बसायचो. मग वहिनी ते दाणे तव्यावर भाजून, पाट्यावर जाडसर वाटून, लसूण-मिरची घालून असा रस्सा करायची, की विनूदादा शेतातून आल्यावर हात धुवायचा विसरायचा. ती वणीची. तिकडे कोळशाच्या ट्रकांची ये-जा, चंद्रपूरकडे जाणारा रस्ता, दारात वाळत घातलेला कपडा संध्याकाळपर्यंत काळा व्हायचा, असं ती सांगायची. लग्नाआधी तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासात ती पोरांना शिकवायला जात असे. हे आम्हाला कसं कळलं नाही, असं कोणी विचारेल. कसं कळणार? पाहायला गेलो तेव्हा आम्ही भाकर येते का विचारलं, शेतात जायची सवय आहे का विचारलं, मामाचं गाव कोणतं विचारलं. तिनं विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली. आमच्याकडे आल्यावर त्या रस्त्याकडच्या खोलीत भासरा बसतो म्हटल्यावर विषयच संपला. ती सकाळी भाऊ उठायच्या आत खोली झाडून घ्यायची, तेव्हा कॉम्प्युटरवरचं कापड उचलून एकवार बघायची आणि परत झाकून ठेवायची. हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं, धूळ बघते.

त्या दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या मुंबईच्या भाच्यानं पत्रिका तिकडेच तयार करून सीडीवर पाठवली होती, भाऊनं फक्त तारीख बदलायची होती. भाऊनं सीडी घातली. तीत एकच चित्र होतं (पत्रिका नव्हेच, तिच्याकडे नेणारा नुसता शॉर्टकट, हे मागाहून कळलं), ते दाबलं तर काही उघडेना. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. गिऱ्हाईक शेजारी उभं, आणि गिऱ्हाइकापुढे 'मले समजत नाही' म्हणायचं म्हणजे आमच्या भाऊला जीव जड. तेवढ्यात त्यानं काय केलं कोण जाणे, 'हे कशात उघडू?' अशी विचारणा करणारी यादी पडद्यावर आली. कॉम्प्युटरमध्ये गाणी लावायचा एक प्रोग्राम होता, त्यात कुठलीही सीडी घातली तरी वाजायची. भाऊचा त्याच्यावर भारी विश्वास. "याच्यात काहीबी लागते," असं तो नेहमी म्हणायचा. त्यानं त्याच्यावर बोट ठेवलं. खाली चौकोन होता, नेहमी यातच उघडायचं का म्हणून.

वहिनी नेमकी तेव्हा चहा घेऊन दारापर्यंत आली होती. तिला पडदा दिसला. बोलायची तर सोय नाही. तिनं मला शोधलं, मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. मग तिनं बांगड्या वाजवल्या. मग कपबशी वाजवली. चांगली खणखण वाजवली, मला अंगणात ऐकू आली. भाऊ मान न वळवता म्हणाला, "शालू, चहा आला वाट्टे, घे बरं," आणि चौकोनात खूण करून टाकली.

मी खोलीत आले तेव्हा पडद्यावरची सगळी चित्रं एकसारखी झालेली होती. पत्रिकेचं, टायपिंगचं, फोटोचं, कशाचंही वेगळं उरलं नव्हतं, सगळीकडे त्या गाण्याच्या प्रोग्रामचं नारिंगी तोंड. काहीही दाबलं की गाण्याचा प्रोग्राम उघडायचा, गाणं काही सापडायचं नाही, आणि काळी खिडकी नुसती बघत राहायची. भाऊनं घाईघाईनं एकेक पत्रिका दाबून पाहिली, पुन्हा यादी आली, पुन्हा काहीतरी निवडलं, पुन्हा खूण. जितकं निस्तरायला गेला तितका घोळात घोळ होत गेला. गिऱ्हाईक "उद्या येतो बाप्पा" म्हणून सटकलं. भाऊनं उमरखेडच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं तिकडूनच निकाल दिला, "फॉर्मॅट मारा लागते. सगळं पुसून जाईन, मंग नव्यानं भरू."

सगळं म्हणजे त्या हंगामातल्या सगळ्या पत्रिका. कुणाच्या तपासून झालेल्या, कुणाच्या अर्ध्या. लोकांची लग्नं तोंडावर. दुसरीकडे उतरवून ठेवायची अक्कल तेव्हा आमच्यात कोणालाच नव्हती, आणि पत्रिकेचे प्रोग्राम, मराठी अक्षरं ज्या पोरानं घालून दिली होती तो केव्हाच हैदराबादला निघून गेला होता. भाऊ खुर्चीवर बसून राहिला. मग उठून ओट्यावर गेला आणि आईला म्हणाला, "माय, मी पुन्याले जातो. मावसभाऊ बलावून राह्यला कंपनीत. हे काही माह्यं काम नाही."

हे तो चिडून बोलला असता तर मला काही वाटलं नसतं, तो चिडायचा आणि विसरायचा. पण तो हळू बोलला. आमचे बाबा मी लहान असतानाच गेले, मला शाळेत घालायला भाऊ आला होता, माझी दहावीची फी, माझी सायकल, माझे लाड सगळं त्यानं केलं होतं. गावातून पुण्याला गेलेली पोरं पोळ्याला येतात, दिवाळीला येतात, मग नुसती दिवाळीला, मग फोन. मी हे आमच्या आळीत बघितलं होतं. मी मागच्या अंगणात जाऊन वाळत घातलेल्या धुण्याआड रडले. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडले.

वहिनी तिथं आली. तिनं माझ्या हाताला धरलं आणि म्हणाली, "शालूताई, रडता कायले? काही पुसलं नाही गेलं अजून. सगळं जागच्या जागी हाये. मले दिसलं ना दारातून. माह्याकडं हाये त्याच्यावर उपाय." मग आत जाऊन तिनं आपल्या कपड्यांच्या पेटीतून रुमालाची एक गाठ आणली. आत करंगळीएवढा पेनड्राइव्ह. क्लासातली पोरं असला घोळ नेहमी करायची, तेव्हा तो निस्तरायला त्यात एक छोटासा प्रोग्राम ठेवला होता म्हणे. कोणती फाइल कशात उघडायची, तेवढंच तो लावून देतो, बाकी कशाला हात लावत नाही. "पन इतका घोळ मी कधी पाह्यला नाही," असंही ती म्हणाली. "होईनच असं नाही सांगत."

पहिला प्रयत्न रीतीप्रमाणे झाला. भाऊ खुर्चीवर, वहिनी दाराआड, मध्ये मी. वहिनी सांगायची, मी सांगायची, भाऊ करायचा. "माय कॉम्प्युटर उघडा म्हना." "भाऊ, माय कॉम्प्युटर उघड." "उघडलं." "वहिनी, उघडलं म्हनते." "काय दिसते विचारा." "काय दिसते?" "काय दिसते म्हंजे? चौकोनं दिसते!" भाऊ पडद्याला चिकटून बसलेला, त्यामुळे दाराआडून वहिनीला काही दिसेना, मला काय सांगायचं ते समजेना, त्याच्याकडून घाईत भलतंच दाबलं जाई. त्यात गिरणी सुरू झाली, पोरगं पीं पीं करायला लागलं, आणि लाईन गेली. भाऊ उठला. "राहू दे आता. शालू, तिले म्हन, राहू दे."

आई इतका वेळ उंबऱ्यात बसून सोले निवडत होती. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं कळायची. तिनं वहिनीला हाक मारली. "काय झालं तं मले नीट सांग. मशीन मेलं का?"

"नाही, मामीजी," वहिनी म्हणाली. आमच्याकडे सुना सासूला मामीजी म्हणतात. "आता बघा, लग्नाची वरात आली का आपन जानोसे देतो का नाही?" जानोसा म्हणजे वराकडच्या पाहुण्यांची उतरायची जागा. आमच्याकडे अजूनही आख्खी वरात एका ठिकाणी मावली नाही, तर घरोघर वाटून देतात: म्हातारी माणसं एकीकडे, बायका-लेकरं दुसरीकडे, जावई-बुवा पंखा असलेल्या घरी. आणि आमच्या आळीतलं ते वाटप वर्षानुवर्षं आईच करायची. "तसंच हाये," वहिनी म्हणाली. "हरेक फायलीचं उतरायचं घर ठरलेलं असते. पत्रिकेची पत्रिकेच्या घरी, फोटोची फोटोच्या घरी. आज काय झालं, सगळे पाहुने एकाच घरी धाडले. ते घर गान्याचं. ते बिचारं सगळ्यायले म्हनते, गा ना. पाहुने चांगले हायेत, घरंबी चांगले हायेत. वाटप तेवढं चुकलं."

आई खळखळून हसली. मग एकदम गंभीर झाली. "मंग तो उमरखेडवाला काय म्हनून राह्यला?"

"पाहुनेच हाकलून द्या म्हनते. आन् घरंबी पाडा."

"मुडदा बशिवला त्याचा!" आई म्हणाली. "दारात आलेले पाहुने हाकलते का कोनी? तुले येते का वाटप?"

"येते. पन तिथं बसा लागते. इथून नाही होत."

आईनं भाऊच्या खुर्चीकडे पाहिलं. मी आशाच सोडली, कारण आईच्या रीतीभातीपुढे भल्याभल्यांचं चालत नसे. आत्याच्या सुनेनं भासऱ्यापुढे पदर न घेता पाणी दिलं, तर त्या घरचं पाणी आई सहा-सात वर्षं प्यायली नव्हती. ती सोल्यांचं सूप बाजूला ठेवून उठली. भाऊची खुर्ची तिनं दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेऊन ठेवली. सैपाकघरातून स्वतःची जेवायला बसायची ठेंगणी घडवंची आणली, ती कॉम्प्युटरपुढे मांडली, वर आपलीच गोधडी दुमडून टाकली. "खुर्ची त्याची हाये, तिच्यावर नको बसू," ती वहिनीला म्हणाली. "ही माही हाये. बस." मग भाऊकडे वळली. "आन् तू बाहीर ओट्यावर जाय. लागलं तं बलवू."

अशी माझी आई. रीत मोडलीही नाही आणि ठेवलीही नाही. तेव्हा मला तिचं नुसतं नवल वाटलं होतं. आता स्वतः सासू व्हायच्या वयाला येऊन ठेपले, तर वाटतं, त्या एका दुपारसाठी मी तिचे पाय धुवून पाणी प्यायला हवं होतं.

लाईन आली. वहिनी घडवंचीवर बसली. टेबल उंच, ती खाली, तिची मान वर करून करून दुखली असणार. तिनं पेनड्राइव्ह लावला, आत जाऊन तो प्रोग्राम उघडला. एवढीशी खिडकी, डावीकडे फायलींच्या जातींची लांब यादी, उजवीकडे कोणाला कुठं धाडलंय ते. सगळीकडे गाण्याचं घर. तिनं वरून सुरुवात केली, एकेक जात निवडायची, योग्य घर दाखवायचं, बटण दाबायचं. पण पडद्यावरची नारिंगी तोंडं तशीच. "एकदा बंद करून चालू करा लागीन," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज बारीक झालेला होता. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. तो चालू होईपर्यंत आई देवाला हात जोडून उभी, मी वहिनीचा खांदा धरून उभी. मला वाटलं, आता झालं, पुणे.

आणि मग एकेक चित्र आपलं आपलं तोंड घेऊन परत आलं. मी किंचाळलेच. ओट्यावरून भाऊ खाकरला.

पण काम संपलं नव्हतं. पत्रिका दोन प्रोग्राममध्ये केलेल्या होत्या, काही एकात, काही दुसऱ्यात, आणि कोणती कशात हे फक्त भाऊच्या डोक्यात. मग पुन्हा माझी फेरी सुरू. वहिनी यादीतलं नाव वाचायची, मी ओट्यावर जाऊन विचारायची, भाऊ सांगायचा, मी आत येऊन सांगायची. ओट्यावर भाऊ आता उभा होता, हात मागे बांधून, प्रत्येक वेळी माझ्याआधी विचारायचा, "लागली का? लागली का?" त्याला आत बघायचं होतं आणि बघता येत नव्हतं. असा तगमगलेला भाऊ मी त्याआधी पाहिला नव्हता.

शेवटी वहिनीनं पहिली पत्रिका उघडून पाहिली. वर गणपती, खाली कलश, मध्ये नवरा-नवरीची नावं, सगळं भाऊनं मांडलं होतं तसं. मी म्हटलं, "भाऊ, लागली!"

तो खाकरायचं विसरला. सरळ आत आला. वहिनी दचकून उठायला लागली, पदर डोक्यावर ओढता ओढता तिचा हात टेबलाला आपटला. भाऊ पडद्याकडे बघत होता, त्याचे डोळे भरलेले होते. तो म्हणाला, "उठू नोको, सुनंदा. बस."

आई सोल्यांचं सूप घेऊन परत उंबऱ्यात निवडायला बसली. सुनंदा हे वहिनीचं नाव आमच्या घरात विनूदादानंसुद्धा कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. वहिनी अर्धी उठलेली तशीच थांबली, मग हळूच बसली. पडद्यावर बोट ठेवून, पदराआडूनच पण नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "ही खालची फाइल कोनाच्या लग्नाची हाये? हिचं घर नाही सापडत."

भाऊ पुढे वाकला. "ते नेरच्या पाहुन्यायचं. दुसऱ्यात केलं होतं. नाही, ते नाही. त्याच्या खालचं पाहा."

"हे?"

"हां. हेच."

भाऊ पुण्याला गेला नाही. त्याचं लग्न पुढच्या हंगामात झालं, पत्रिका वहिनीनं केली. ज्या बाईमुळे माझा भाऊ माझ्या गावात राहिला, तिला मी 'उपकार झाले' असं तोंडानं कधी म्हटलं नाही. आमच्यात तसं म्हणत नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवते. त्या दुपारी मात्र मी दोघांच्या मधोमध उभी होते, एक कान इकडे आणि एक तिकडे, आता काय सांगायचं म्हणून वाट बघत. कोणी मला काही सांगायला सांगितलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना एकमेकांचं नीट ऐकू यावं म्हणून मलाच बाजूला व्हायला हवं, आणि मी झाले.